चापडा : रंगापलीकडची ओळख

सापाला रंगावरून ओळखायची सवय आपल्याकडे घरोघरी आहे. काळा दिसला की नाग, अंगावर पांढरे पट्टे असले की मण्यार, झाडावर हिरवा दिसला की हरणटोळ, असा हिशेब लहानपणीच पाठ होतो. सह्याद्रीच्या पावसाळी जंगलात राहणारा एक साप हा सगळा हिशेब मोडीत काढतो. आंबोलीत, गोव्यातल्या म्हादई आणि मोलेच्या जंगलांत किंवा कर्नाटकातल्या आगुंबेला तो एका झुडपावर शेवाळी हिरवा दिसतो, शेजारच्या फांदीवर पिवळाधमक दिसतो आणि ओढ्यातल्या खडकावर तपकिरी दिसतो. कधी त्याच्या अंगावर नारिंगी झाक असते, कधी निळसर. बघणाऱ्याला वाटतं, हे चार-पाच वेगवेगळे साप असावेत. प्रत्यक्षात ती एकच जात असते : मलबारी चापडा.

चापडा विषारी आहे, निशाचर आहे आणि आयुष्याचा मोठा भाग झाडाझुडपांवर काढतो. त्याचं आजचं शास्त्रीय नाव क्रॅस्पेडोसेफॅलस मलबारिकस. या सापाच्या बाबतीत रंग दोन्ही बाजूंनी फसवतो. एकाच जातीत अनेक रंग आढळतात आणि एकाच हिरव्या रंगाच्या अनेक वेगळ्या जाती आहेत. आशियातल्या हिरव्या चापड्यांच्या वर्गीकरणात दोनशेहून अधिक वर्षं जो गुंता झाला आणि अजून पुरता सुटलेला नाही, त्याचं मूळ इथेच आहे. हा गुंता फक्त संग्रहालयातल्या बरण्यांपुरता असता, तर तो अभ्यासकांवर सोडून देता आला असता. पण साप कोणता हे नेमकं न कळल्याने माणसांवर चुकीचे उपचार झाले आहेत. म्हणून चापड्याची खरी ओळख कशात आहे, हे सगळ्यांनीच समजून घ्यायला हवं.

घराणं कोणतं?

भारतातल्या विषारी सापांची मुख्य घराणी दोन. नाग, नागराज, मण्यार आणि समुद्रसर्प हे एका घराण्यातले. त्यांचे विषदंत आखूड आणि स्थिर असतात. घोणस आणि फुरसं दुसऱ्या घराण्यातले, व्हायपरिडी कुळातले. या कुळात जगभर साडेतीनशेच्या वर जाती आहेत. त्यांचे विषदंत लांब, पोकळ आणि मिटणारे असतात. वरच्या जबड्यातल्या ज्या हाडावर दात बसलेला असतो, ते हाडच फिरतं. तोंड बंद असताना दात टाळूला समांतर आडवे पडून राहतात आणि चावताना पुढे येऊन उभे होतात. त्यामुळे डोक्याच्या मानाने बरेच लांब दात या सापांना बाळगता येतात.

चापडा या दुसऱ्या कुळातला. पण घोणस-फुरशांचं आणि त्याचं उपकुळ वेगळं आहे. चापड्याचं उपकुळ क्रोटॅलिनी. इंग्रजीच्या प्रभावाने आपल्याकडेही या उपकुळातल्या सापांना ‘पिट वायपर’ म्हणतात. अमेरिकेतला शेपटीचा खुळखुळा वाजवणारा रॅटलस्नेक याच उपकुळातला. पिट वायपर आशियात उगम पावले आणि त्यांची एक शाखा बेरिंगच्या भूसेतूवरून अमेरिकेत गेली, असं आजचे बहुतेक अभ्यासक मानतात. म्हणजे आंबोलीचा चापडा जवळच्या शेतातल्या घोणशीपेक्षा ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या रॅटलस्नेकला नात्याने जवळचा आहे. रंग, आकार, राहण्याची जागा यांपैकी काहीही हे नातं सांगत नाही. ते सांगते डोळा आणि नाकपुडी यांच्यामधली एक खाच.

उष्णता टिपणारी खाच

पिट वायपरच्या चेहऱ्यावर दोन्ही बाजूंना, डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये, एकेक खोलगट खाच असते. ती कशासाठी असते, याचा उलगडा बराच काळ झाला नव्हता. 1937 मध्ये नोबल आणि श्मिट या अमेरिकी अभ्यासकांनी रॅटलस्नेकवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. सापाचे डोळे झाकून त्यांनी त्याच्यासमोर कापडात गुंडाळलेले विजेचे दिवे धरले, काही गरम आणि काही थंड. सापाने गरम दिव्यांवर बरोबर झेप घेतली. खाच झाकल्यावर मात्र त्याचा नेम जमेना. पुढे 1952 मध्ये बुलक आणि कोल्स यांनी खाचेपासून निघणाऱ्या चेतातंतूंमधले विद्युत संदेश मोजले आणि ही खाच अवरक्त किरण, म्हणजे उष्णतेचं प्रारण टिपते, हे सिद्ध केलं.

खाचेच्या आत एक पडदा ताणून बसवलेला असतो. त्याची जाडी सुमारे 0.015 मिलीमीटर. पडद्याच्या मागेही हवेची पोकळी असते, त्यामुळे पडद्यावर पडलेली उष्णता आजूबाजूच्या ऊतींत झिरपून जात नाही. पडदा इतका पातळ, की उष्णतेचा अल्पसा किरणही त्याला तापवतो. एका अंशाच्या काही हजाराव्या भागाएवढा तापमानातला बदल त्यावरच्या चेतातंतूंना जाणवतो. खाचेचं तोंड अरुंद आणि पडदा आत असल्याने उष्णता कुठल्या दिशेने आली, हेही सापाला कळतं. 1978 मध्ये रॅटलस्नेकच्या मेंदूवर झालेल्या संशोधनात दिसलं, की डोळ्यांकडून येणारी आणि खाचेकडून येणारी माहिती मेंदूच्या एकाच भागात एकत्र होते. साप भक्ष्याची आकृती आणि त्याची ऊब एकाच दृश्यात अनुभवत असावा.

याचं रेणूपातळीवरचं कोडं 2010 मध्ये डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने सोडवलं. रॅटलस्नेकच्या खाचेतल्या चेतापेशींत टीआरपीए-1 नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात असतं आणि तेच उष्णतेचा संदेश सुरू करतं, असं त्यांना आढळलं. हे प्रथिन माणसातही आहे. मोहरी फेसून खाल्ली की नाकात जो झणका बसतो, तो याच प्रथिनामुळे. सापाच्या उत्क्रांतीत त्याच प्रथिनाला उष्णता ओळखायचं काम मिळालं. तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदकांवरच्या कामासाठी ज्युलियस यांना 2021 मध्ये नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

आता एक शंका येते. चापड्याच्या आहारात बेडकांचा वाटा मोठा आहे. बेडूक तर उष्ण रक्ताचा प्राणी नाही. मग उष्णता टिपणाऱ्या अवयवाचा तिथे काय उपयोग? उत्तर असं, की खाच वस्तू गरम आहे की नाही यापेक्षा तिच्यात आणि पार्श्वभूमीत किती फरक आहे, हे वाचते. बेडकाच्या ओल्या कातडीतून पाण्याची वाफ होत राहते, त्यामुळे तो भोवतालापेक्षा थोडा थंड असतो. तो फरकही खाचेच्या संवेदनेच्या आवाक्यात येऊ शकतो. शिवाय खाचेचं काम शिकारीपुरतं नाही. अंग फार तापू नये म्हणून सावलीची, थंड जागा शोधायलाही पिट वायपर या खाचा वापरतात, असं 2003 मध्ये प्रयोगांतून दिसून आलं.

झाडासाठी घडलेलं शरीर

घोणस जाड, बुटकी आणि जमिनीवरची. चापडा तिच्या तुलनेत सडपातळ. पूर्ण वाढलेली मादी साधारण मीटरभर भरते, नर त्याहून लहान असतो. डोकं मोठं आणि त्रिकोणी, मान बारीक, डोक्यावर मोठ्या ढालींऐवजी बारीक खवले, डोळ्याची बाहुली उभी. अंगावरच्या खवल्यांना मधोमध कणा असल्याने कातडी खरबरीत लागते. शेपूट फांदीला घट्ट वेढा घालू शकते. शेपटीच्या आधाराने मागचं शरीर फांदीवर रोवून पुढचा भाग तो मोकळा ठेवतो आणि झेप घेतो.

झाडावर चढणाऱ्या सापांपुढे गुरुत्वाकर्षणाचा मोठा प्रश्न असतो. लांबट शरीर उभं झालं की रक्त शेपटीकडे साठू लागतं आणि डोक्याचा पुरवठा कमी पडू शकतो. चढाऊ सापांचं हृदय पाण्यातल्या सापांच्या तुलनेत डोक्याच्या जवळ असतं आणि त्यांच्या शरीराच्या मागच्या भागातली कातडी व ऊती घट्ट असतात, त्यामुळे रक्त खाली साठून राहत नाही. सापाचं शरीर आपल्याला सरळसोट नळीसारखं वाटतं, पण जिथे तो राहतो त्या जागेने त्याच्या आतल्या अवयवांची मांडणीही ठरवलेली आहे.

शिकारीची रीतही झाडाला साजेशी आहे. चापडा भक्ष्यामागे धावत नाही. ओढ्याकाठच्या फांदीवर, वेलीवर किंवा खडकावर वेटोळं घालून तो वाट बघत बसतो. चांगली जागा मिळाली तर दिवसेंदिवस तिथेच थांबतो. पावसाळ्यात बेडकांची जंगलात गर्दी होते, तेव्हा चापड्याचीही हालचाल वाढते. बेडकांबरोबर पाली, लहान पक्षी आणि उंदीर-चिचुंद्र्यांसारखे लहान सस्तन प्राणीही तो खातो. जमिनीवरचे व्हायपर मोठ्या भक्ष्याला दंश करून सोडून देतात आणि मग वासाचा माग काढत त्याच्यापर्यंत पोहोचतात. झाडावरून भक्ष्य खाली पडलं तर त्याचा माग लागणं अवघड, म्हणून झाडावरचे पिट वायपर दंश केल्यावर बहुधा भक्ष्य तोंडातच धरून ठेवतात. चापड्याची मादी अंडी घालत नाही. अंडी तिच्या पोटातच वाढतात आणि पिलं जिवंत जन्माला येतात. जन्मतःच ती विषारी असतात आणि आईच्या मदतीशिवाय जगू लागतात.

इथे वर्गीकरणाचा एक महत्त्वाचा धडा आहे. सडपातळ बांधा, पकड घेणारी शेपूट, हिरवा रंग आणि झाडावरचा मुक्काम ही लक्षणं जगात फक्त चापड्यांमध्ये नाहीत. मध्य अमेरिकेतले बोथ्रिएचिस प्रजातीचे पाम पिट वायपर तसेच दिसतात. आफ्रिकेतले ॲथेरिस प्रजातीचे झाडावरचे व्हायपरही तसेच. पण ॲथेरिसच्या चेहऱ्यावर खाच नाही. ते घोणशीच्या उपकुळातले आहेत. एकाच प्रकारच्या जंगलात राहण्याचं आव्हान तीन खंडांतल्या तीन वेगळ्या वंशांनी जवळजवळ सारख्याच पद्धतीने पेललं, म्हणून ते सारखे दिसू लागले. दुसऱ्या बाजूला, क्रॅस्पेडोसेफॅलस याच प्रजातीतला स्ट्रिगेटस हा साप निलगिरीच्या उंचावरच्या गवताळ भागात बहुतांशी जमिनीवर राहतो आणि रंगाने तपकिरी असतो. सवयीवरून गट पाडले असते, तर हा जवळचा भाऊबंद गटाबाहेर गेला असता आणि आफ्रिकेतला परका आत आला असता.

दोनशे वर्षांचा नावांचा गुंता

भारतातल्या हिरव्या चापड्याची पहिली ठळक नोंद पॅट्रिक रसेल यांच्या 1796 च्या ग्रंथात मिळते. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरच्या त्या ग्रंथात त्यांनी ‘बोद्रू पाम’ या स्थानिक नावाने या सापाचं वर्णन आणि चित्र दिलं. त्यांनी शास्त्रीय नाव दिलं नव्हतं. ते काम 1802 मध्ये जॉर्ज शॉ यांनी केलं आणि नाव ठेवलं कोल्युबर ग्रॅमिनियस. दोनच वर्षांनी, 1804 मध्ये, फ्रान्समध्ये लासेपेद यांनी ट्रायमेरेसुरस ही प्रजाती स्थापन केली. पुढे आशियातले बहुतेक पिट वायपर या प्रजातीत घातले गेले.

मलबारी चापड्याचं वर्णन 1854 च्या सुमारास थॉमस जेर्डन यांनी प्रसिद्ध केलं. जेर्डन मद्रास सैन्यातले शल्यचिकित्सक. पक्षी-अभ्यासकांना ते ‘द बर्ड्स ऑफ इंडिया’ या ग्रंथामुळे चांगले परिचित आहेत. त्यांनी या सापाला ट्रायगोनोसेफॅलस प्रजातीत ठेवलं होतं, नंतर तो ट्रायमेरेसुरसमध्ये आला. 1864 मध्ये अल्बर्ट गुंथर यांनी अनामलाई डोंगरांतल्या सापाला अनामलेन्सिस असं वेगळं नाव दिलं. पुढे ते नाव मलबारिकसमध्येच जमा केलं गेलं. रंग आणि खवल्यांत एवढी विविधता होती, की कुठे रेघ ओढायची हे कुणालाच खात्रीने सांगता येत नव्हतं.

हिरव्या सापांच्या बाबतीत उलट चूक झाली. भारतापासून आग्नेय आशियापर्यंत कुठेही हिरवा पिट वायपर मिळाला, की त्यावर ग्रॅमिनियसची चिठ्ठी लागायची. 1933 मध्ये क्लिफर्ड आणि सारा पोप या दांपत्याने हे सगळे ग्रॅमिनियस एक नाहीत, हे दाखवून दिलं. संग्रहालयांतले नमुने बाहेर काढून त्यांनी नरांच्या जननेंद्रियांची रचना तपासली. बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या सापांमध्ये ही रचना स्पष्ट वेगळी निघाली. याच कामात त्यांनी भारतीय द्वीपकल्पातल्या एका नव्या जातीचं ऑक्सिडेंटालिस या नावाने वर्णन केलं.

2004 मध्ये अनिता मल्होत्रा आणि रॉजर थॉर्प यांनी मायटोकॉन्ड्रियातल्या डीएनएवरून ट्रायमेरेसुरसची वंशावळ काढली. त्यात दिसलं, की हा एकसंध गट नसून त्याच्या अनेक शाखा आहेत. त्यांनी त्या शाखांना वेगवेगळी नावं दिली. मग नियमाचा प्रश्न आला. प्राणिशास्त्रात प्रजातीचं जुनं नाव कुठल्या शाखेकडे राहील, हे ती प्रजाती मुळात ज्या जातीवर उभारली होती त्या जातीवरून ठरतं. 2011 मध्ये डेव्हिड, फोगल आणि दुब्वा यांनी लासेपेद यांच्या मूळ जातीची छाननी केली, तेव्हा ट्रायमेरेसुरस हे नाव भारतीय द्वीपकल्पातल्या चापड्यांच्या शाखेचं नाही, दुसऱ्याच शाखेचं आहे, असं निष्पन्न झालं. द्वीपकल्पातल्या चापड्यांसाठी कूल आणि व्हान हासेल्ट यांचं 1822 चं क्रॅस्पेडोसेफॅलस हे नाव पुन्हा वापरात आलं. जुन्या पुस्तकांत ट्रायमेरेसुरस मलबारिकस आणि नव्या पुस्तकांत क्रॅस्पेडोसेफॅलस मलबारिकस दिसतं, त्याचं कारण हे.

द्वीपकल्पातल्या चापड्यांची सर्वांत मोठी उलथापालथ 2021 मध्ये झाली. अशोक मलिक, कार्तिक शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम घाटासह सगळ्या द्वीपकल्पातले नमुने जमवले आणि डीएनए, खवल्यांची मोजमापं व भौगोलिक प्रसार हे तिन्ही पुरावे एकत्र तपासले. मलबारी चापडा म्हणून ओळखला जाणारा साप एक नव्हता. पालघाट खिंडीच्या उत्तरेकडचा साप तेवढा मलबारिकस. खिंडीच्या दक्षिणेला अनामलेन्सिस, म्हणजे गुंथर यांचं 1864 चं नाव पुन्हा जिवंत झालं. त्याच्याही दक्षिणेला, शेंकोट्टा खिंडीपलीकडे, एक नवी जात निघाली, तिचं नाव ठेवलं ट्रावणकोरिकस. पोप दांपत्याचं ऑक्सिडेंटालिसही पश्चिम घाटातली वेगळी जात म्हणून परत आलं.

पालघाट खिंड सुमारे 30 किलोमीटर रुंद आहे. माणसाला ती ओलांडणं अवघड नाही. पण उंचावरच्या ओल्या जंगलाशिवाय ज्यांना जगता येत नाही, अशा प्राण्यांसाठी ही कोरडी, सखल पट्टी लाखो वर्षांची भिंत ठरली आहे. पश्चिम घाटातल्या कित्येक बेडकांच्या आणि पक्ष्यांच्या जाती या खिंडीच्या दोन बाजूंना वेगळ्या झाल्या आहेत. चापड्यांची कहाणीही तीच. वर्गीकरण करताना अभ्यासक नकळत डोंगररांगेचा इतिहास वाचत असतात.

ईशान्य भारतातही हे काम चालू आहे. 2019 मध्ये पुण्याचे अशोक कॅप्टन आणि सहकाऱ्यांनी अरुणाचल प्रदेशातून ट्रायमेरेसुरस अरुणाचलेन्सिस या नव्या पिट वायपरचं वर्णन केलं, तेही एकाच नर नमुन्यावरून. 2020 मध्ये त्याच राज्यातल्या पाक्के अभयारण्याच्या परिसरातून ट्रायमेरेसुरस सालाझार ही जात जाहीर झाली. त्या संशोधकांत हर्षल भोसले, पुष्कर फणसळकर, मंदार सावंत अशी मराठी नावं आहेत. सालाझारच्या नराच्या डोक्याच्या बाजूला तांबूस-नारिंगी पट्टा असतो, पण बाकी तो आणखी एक हिरवा साप. डीएनए तपासला नसता, तर तो वर्षानुवर्षं दुसऱ्याच नावाच्या बरणीत पडून राहिला असता.

विष आणि नावाची किंमत

चापड्याचं विष प्रामुख्याने रक्तावर आणि ऊतींवर परिणाम करतं. या कुळातल्या विषात थ्रॉम्बिनसारखी कामं करणारी विकरं असतात. रक्त गोठवणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन ती वापरून संपवतात, पण त्यातून टिकाऊ गुठळी तयार होत नाही. परिणामी रक्त न गोठणारं होतं. धातूयुक्त प्रथिनविघटक विकरं रक्तवाहिन्यांच्या भिंती आणि आजूबाजूच्या ऊती फोडतात. त्यामुळे दंशाच्या जागी तीव्र वेदना आणि सूज येते, ती वर चढत जाते. कधी फोड येतात. मलबारी चापड्याच्या दंशाने माणूस दगावणं दुर्मिळ आहे. पण दुर्मिळ म्हणजे हलक्यात घेण्याजोगं नव्हे. रक्त गोठण्यातला बिघाड दंशानंतर उशिराही दिसू शकतो, म्हणून रुग्णाला घरी ठेवून चालत नाही.

खरी अडचण औषधाची आहे. भारतात मिळणारं प्रतिसर्पविष चारच सापांच्या विषापासून बनतं : नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. चापडा त्यात नाही. थायलंडमध्ये रेड क्रॉस संस्था तिथल्या हिरव्या पिट वायपरविरुद्ध वेगळं प्रतिविष बनवते. आपल्याकडे तशी सोय नाही. भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2019 मध्ये या चौघांबाहेरच्या काही भारतीय सापांचं विष तपासलं, तेव्हाही उपलब्ध प्रतिविष त्यांच्यावर अपुरं पडत असल्याचं आढळलं.

याची किंमत कुणी मोजली, हे केरळमधल्या डॉक्टरांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदींतून कळतं. हायप्नेल हायप्नेल हा पश्चिम घाटातला दुसरा एक पिट वायपर, उंचावलेल्या नाकाचा, तपकिरी आणि बहुतांशी पालापाचोळ्यात राहणारा. त्याच्या दंशाने रुग्णांची मूत्रपिंडं निकामी झाली, रक्त गोठेनासं झालं. पण बऱ्याच रुग्णांबरोबर आणलेला साप फुरसं समजला गेला होता आणि त्यांना चार सापांवरचं नेहमीचं प्रतिविष दिलं गेलं. त्याचा उपयोग झाला नाही. दोन्ही साप तपकिरी, दोन्ही लहान, डोकं दोघांचंही त्रिकोणी. फरक होता तो डोळ्याजवळच्या खाचेचा आणि डोक्यावरच्या खवल्यांचा. ज्या गोष्टी वर्गीकरणाच्या पुस्तकात कोरड्या वाटतात, त्या त्या रुग्णांच्या खाटेशी येऊन उभ्या राहिल्या होत्या.

भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी 58,000 माणसं मेली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिला आहे. त्यांतले बहुतेक मृत्यू चापड्यामुळे झालेले नाहीत. पण कुठल्या भागात कुठला साप किती दंश करतो, याची नोंद नेमक्या नावासह झाली, तरच कुठे कुठलं प्रतिविष हवं हे ठरवता येईल. केंद्र सरकारने 2024 मध्ये सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला आणि 2030 पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचं उद्दिष्ट ठेवलं. त्या वर्षीच सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असं राज्यांना सांगण्यात आलं. या नोंदीत सापाच्या नावाचा रकाना ‘हिरवा साप’ असा भरला गेला, तर त्याचा फारसा उपयोग होणार नाही.

पिट वायपरच्या विषाने माणसाला औषधंही दिली आहेत. ब्राझीलमधल्या बोथ्रॉप्स जराराका या पिट वायपरच्या विषातल्या पेप्टाइडांच्या अभ्यासातून रक्तदाबावरचं कॅप्टोप्रिल हे औषध जन्माला आलं. त्या गटातली औषधं आज असंख्य माणसं रोज घेतात. आपल्या चापड्यांच्या विषाचा असा अभ्यास अजून फारसा झालेला नाही. ज्या जाती आपण काल-परवा वेगळ्या ओळखल्या, त्यांच्या विषात काय आहे, हा प्रश्न आताच कुठे विचारता येऊ लागला आहे.

जंगलात आणि बागेत

जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांना काही साध्या खुणा उपयोगी पडतील. हरणटोळही हिरवा आणि झाडावरचा, पण तो दोरीसारखा बारीक, त्याचं तोंड टोकदार आणि डोळ्याची बाहुली आडवी. गवत्या साप हिरवा आणि जाडसर असतो, पण त्याची बाहुली गोल आणि डोक्यावर मोठ्या ढाली. मांजऱ्या रात्री झाडावर दिसतो आणि त्याची बाहुली उभी असते, म्हणून तो चापड्याशी सहज गल्लत करायला लावतो. त्याच्याही डोक्यावर मोठ्या ढाली असतात आणि चेहऱ्यावर खाच नसते. या खुणा जवळ जाऊन बघायच्या नाहीत. लांबून काढलेल्या फोटोत त्या मोठ्या करून बघाव्यात आणि शंका असेल तर साप विषारी आहे असंच समजावं.

चापड्याचे दंश बहुतेक वेळा अनवधानाने होतात. तो पळून जात नाही, जागेवरच बसून राहतो, आणि माणसाचा हात झुडपात जातो. पावसाळ्यात बागेतली वेल ओढताना, सरपण उचलताना, ओढ्याकाठी खडकाला हात टेकताना आधी बघून घ्यावं, काठीने झुडूप हलवावं. दंश झालाच, तर ती जागा कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये. अंगठ्या, बांगड्या काढाव्यात, अवयव हलू न देता आधार द्यावा आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून रुग्णालय गाठावं. तिथे डॉक्टर 20 मिनिटांची रक्त गोठण्याची साधी चाचणी करतात : कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलीलीटर रक्त 20 मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गुठळी होते का बघायचं. साप पकडून नेण्याची गरज नाही. जमेल तेव्हा लांबून काढलेला फोटो पुरेसा असतो, आणि त्या फोटोचा खरा उपयोग सापाचं नेमकं नाव सांगायला होतो.

सापाचं संरक्षणही याच ओळखीवर उभं आहे. पश्चिम घाटातला चापडा एकच आहे असं मानलं, तेव्हा तो घाटभर पसरलेला, निर्धास्त वाटत होता. आता ठाऊक झालं आहे, की डोंगराच्या प्रत्येक तुकड्यात वेगळी जात आहे आणि तिचा मुलूख तेवढाच. त्या तुकड्यातलं जंगल गेलं, तर ती जात दुसरीकडून आणता येणार नाही. पावसाळ्यात घाटरस्त्यांवर चाकांखाली येणारे, चांगल्या फोटोसाठी काठीने उचलून वेगळ्या फांदीवर ठेवले जाणारे चापडे दरवर्षी दिसतात. ज्याने ती जागा दिवसेंदिवस थांबून निवडली, त्याला तिथून हलवणं म्हणजे त्याच्या जगण्यात ढवळाढवळ करणं. ती थांबवणं प्रत्येकाच्या हातात आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यात सर्पमित्रांचं मोठं जाळं आहे. गावोगावी मोबाइल आहेत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत दंशाची नोंदवही असते. या तिन्हींना जोडून प्रत्येक दंशामागचा साप जातीच्या नावासह नोंदवला गेला, तर चापड्याच्या विषाविरुद्ध आपल्याकडे प्रतिविष लागेल का, कुठल्या तालुक्यात लागेल आणि कुठल्या जातीचं विष त्यासाठी गोळा करावं लागेल, याची उत्तरं मिळतील. रसेल यांनी चित्र छापलं; पुढे पोप दांपत्याने बरण्या उघडल्या, मलिक आणि सहकाऱ्यांनी डीएनए वाचला, आणि रंगावर विसंबायचं नाकारलं. जंगलाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या उपचारांपर्यंत ही काळजी पोहोचवणं, हे आता आरोग्यव्यवस्थेचं आणि आपल्या सगळ्यांचं काम आहे.